सदतिसाव्या पानावरचं हाड

जगातला प्रत्येक गुन्हा शेवटी सत्यानेच उघडकीला येतो, आणि ते सत्य कुणाचीही भीड न ठेवता सांगणं हे लेखकाचं पहिलं आणि अखेरचं कर्तव्य आहे. हे वाक्य मी आयुष्यात निदान शंभर सभांमध्ये म्हटलं, दोन वर्तमानपत्रांत छापून आणलं, आणि एकदा तर त्याबद्दल मला मानाचा झगा आणि टोपीही मिळाली. त्यामुळे ताश्तान आपल्या कादंबरीचं बाड काखोटीला मारून आमच्या फाटकाशी आलेला खिडकीतून दिसला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "सांग, मी घरी नाही."

सायराने दार उघडलं आणि ती म्हणाली, "ते म्हणतायत, ते घरी नाहीत."

ताश्तान आत आला. पस्तीस वर्षं त्याने काराकोलच्या पोलिसात तपासाचं काम केलेलं. त्याने टेबलावरचे दोन पेले पाहिले, त्यातल्या एकातून निघणारी वाफ पाहिली, पडद्याच्या खालून दिसणारे माझे पाय पाहिले आणि म्हणाला, "बाइके, बाहेर या. डावा मोजा उलटा घातलाय."

बाइके म्हणजे थोरला भाऊ, सख्खा नसला तरी. मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा आहे आणि त्या चार महिन्यांचा मान तो सत्तर वर्षं अगदी चोख देत आलाय, विशेषतः मला अडचणीत आणायचं असेल तेव्हा. त्याच हिशेबाने सायरा त्याची जेने, म्हणजे वहिनी. धाकट्या दिराला टोपणनाव ठेवायचा हक्क आमच्याकडे जेनेचाच. तिने लग्नानंतर आठवड्याभरात त्याचं नाव 'कप्तान' ठेवलं. तो पुढे मेजर होऊन निवृत्त झाला, पण सायराने ती बढती अजून मंजूर केलेली नाही.

"तीनशे चौदा पानं आहेत," ताश्तान बाड टेबलावर ठेवत म्हणाला. "'दस्तरखानावरचा मृत्यू'."

"कुणाचा?" मी म्हटलं.

"नाव आहे ते कादंबरीचं. मृत्यू सदतिसाव्या पानावर आहे."

मग त्याने चहा घेतला, साखर न ढवळता प्यायला, आणि काय ते सांगितलं. त्याची बायको कालिचा गेली त्याला येत्या तेवीस तारखेला वर्ष होत होतं. वर्षाचं जेवण, आश, घालायची होती. आशेला आलेल्या माणसाच्या हातात जाताना काहीतरी द्यायचं असतं. कुणी रुमाल देतं, कुणी टॉवेल देतं. ताश्तानला प्रत्येकाच्या हातात ही कादंबरी द्यायची होती.

"आशेला खुनाची कादंबरी?" मी विचारलं.

"तिला त्याच आवडायच्या ना! आठवड्याला एक आणायची ग्रंथालयातून. विसाव्या पानावर खुनी कोण ते ओळखायची आणि मला सांगून टाकायची. मी पस्तीस वर्षं खरे खुनी धरले, बाइके, पण पुस्तकातला खुनी तिच्याआधी एकदाही मला सापडला नाही. म्हणून म्हटलं, एक तरी अशी लिहावी की तिला ओळखता आलं नसतं." त्याने बाडाची सुतळी नीट केली. "सोमवारी छापखान्यात द्यायचंय. आशेला तिच्या तिघी बहिणी येणार. बुरुल एजे येणार."

एजे म्हणजे ताई; बुरुल एजे ही कालिचाची थोरली बहीण. चाळीस वर्षं तिने शाळेत भूमिती शिकवली. ती घरात शिरली की भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहतात.

"तुम्ही खरं काय ते सांगा. तिच्या माणसांच्या हातात तिच्या नावाचं काहीतरी भिकार पडायला नको. चांगलं नसेल तर चुलीत घालतो आणि सगळ्यांना टॉवेल देतो. टॉवेल बघून ठेवलेत."

"कसे आहेत?"

"चांगले आहेत," ताश्तान खिन्नपणे म्हणाला. "हीच तर काळजी आहे."

मी दोन दिवस कादंबरी वाचली. राजधानीतल्या एका विनोदी मासिकात मी एकतीस वर्षं नोकरी केली. लोकांनी मनापासून लिहिलेल्या गोष्टी वाचून त्यांवर न हसण्याचा पगार मला तिथे मिळे. त्यामुळे सवय होती.

कादंबरीबद्दल माझं मत असं झालं की तिच्याबद्दल एक मत होणं शक्य नाही. ओमुरकुल नावाचा एक गबर म्हातारा नव्या घराच्या जेवणाला जातो. त्याच्या पुढ्यात मानाचं खुब्याचं हाड येतं, त्यात विष असतं आणि तो जागेवरच आडवा होतो. मग मेजर ताबिल्दी नावाचा अधिकारी सगळ्या गावाला उलटं टांगून चौकशी करतो. चौकशीची प्रकरणं खरोखर भारी होती. संशयिताला प्रश्न विचारून मेजर गप्प बसतो, खिडकीतून घोड्याकडे बघतो, आणि समोरच्याला ती शांतता सहन होत नाही. हे ज्याने केलंय त्यालाच लिहिता येतं. उलट, सव्वीस प्रकरणांपैकी एकोणीस प्रकरणांच्या शेवटी दार करकरतं. त्यातली सहा दारं यर्टची, म्हणजे गोल तंबूची आहेत; तिथे दार म्हणजे नुसता नमद्याचा पडदा. नमदा करकरत नाही. एकाच संध्याकाळी रक्तासारखा लाल चंद्र दोनदा उगवतो. शेवटी एक हेलिकॉप्टर येतं. कशासाठी ते हेलिकॉप्टरलाही माहीत नसावं, कारण ते लगेच परत जातं.

पण नववं प्रकरण. मेजर ताबिल्दी विधुर आहे. तो घरी येतो, किटली शेगडीवर ठेवतो आणि कोट न काढता खुर्चीत बसतो. किटली शिट्टी घालू लागते. तो बसूनच राहतो, कारण किटली उतरवायला कुणीतरी उठेल याची त्याच्या अंगाला सवय असते. ती शिट्टी अख्खं पानभर वाजते. ते वाचून मी बाड मिटलं आणि अंगणात जाऊन उगाचच लाकडं एकावर एक रचत बसलो.

तेव्हा मी ठरवलं की छापायला सांगायचं. दारांना तेल घालायचं, चंद्र एक कमी करायचा, हेलिकॉप्टर परत पाठवायचं, ते तसंही जातच होतं, आणि बाकी छापायचं. सदतिसावं पान तर मला सगळ्यात पक्कं वाटलं होतं. जेवणासाठी अंथरलेला दस्तरखान, त्यावर वाफाळणारं मांस, पाहुण्यांच्या गप्पा आणि मध्येच निळे पडलेले ओठ. मी समासात 'उत्तम' असं लिहूनही टाकलं.

शुक्रवारी सकाळी सायरा शेवयांची कणीक लाटत होती. मी तिच्यासमोर बाड ठेवलं आणि म्हटलं, "वाच, बघ आपल्या कप्तानाने काय केलंय." ती एका हाताने लाटत, दुसऱ्या हाताच्या कोपराने पानं उलटत वाचू लागली. सदतिसाव्या पानावर लाटणं थांबलं. मला वाटलं, तिच्या काळजाला भिडलं. मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग लाटणं खाली पडलं.

"माणूस मेलाय तिथे," मी म्हटलं.

"कसा मरेल? इथे लिहिलंय, 'ओमुरकुलने ते हाड शेवटच्या धाग्यापर्यंत साफ केलं.' तिथेच? बसल्या बसल्या?"

"मग कुठे?"

"या ओमुरकुलला बायको आहे ना?"

"आहे. चोविसाव्या पानावर. चहा देते."

"मग हाड येतं तेव्हा ती कुठे असते? तिची पिशवी कुठे आहे?"

"कसली पिशवी?"

सायराने कणकेचे हात झटकले. खुंटीवरची आपली पर्स काढली आणि तिच्या आतल्या कप्प्यातून घड्या घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या माझ्यासमोर मांडल्या. एक-दोन-तीन, पुरावा मांडतात तशा.

"तुम्हाला चाळीस वर्षं मानाचं हाड मिळतंय," ती म्हणाली. "एकदा तरी पूर्ण खाल्लंत?"

"नेहमीच खातो."

"कधीच नाही. दोन घास घेता आणि देशाचं काय होणार यावर बोलायला लागता. देशाचं होईपर्यंत हाड माझ्या पिशवीत गेलेलं असतं. तुमचंच नाही, सगळ्यांचंच. मानाचं हाड ताटावर कोण संपवतो? घरी नेतात. पोरंबाळं खातात, म्हातारी असेल तर ती खाते, दुसऱ्या दिवशी सूप होतं. या खुन्याने विष घातलं असतं तर ओमुरकुल ठणठणीत राहिला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याची सात नातवंडं गेली असती. आपल्यातला कुठलाच खुनी इतका अडाणी नसतो. बाहेरगावचा असला तरच."

"मला वाटायचं मी खाल्लं," मी म्हटलं.

"तुम्हाला बरंच काही वाटतं."

मी गुपचूप रबर शोधलं आणि समासातलं 'उत्तम' खोडलं.

आता हे सांगायचं कसं? कादंबरीत चूक असणं ही मोठी गोष्ट नव्हे. चूक नसलेली कादंबरी मी एकच पाहिलीय आणि ती लेखकाने कधी लिहिलीच नव्हती. पण ही चूक कथानकातली नव्हती. ताश्तान प्रत्येक जेवणाला वरच्या बाजूला, दारासमोरच्या मानाच्या जागी बसला. बोलला, दोन घास खाल्ले, उठला. कालिचा शेजारी बसून काय करत होती ते त्याने पाहिलं नव्हतं. आशेला येणाऱ्या तीनशे माणसांत निम्म्या बायका. त्या प्रत्येकीच्या पर्सला आतला कप्पा. सदतिसाव्या पानावर त्या सगळ्या एकदम हसणार आणि मग एकदम गप्प होणार. ते गप्प होणं मला हसण्यापेक्षा भयंकर वाटत होतं. आणि ज्या माणसाने ते नववं प्रकरण लिहिलं, त्याला मी काय सांगू? की बायको होती तेव्हा तुझं तिच्याकडे लक्षच नव्हतं?

"सांगूच नका," सायरा म्हणाली. "पुरुषाला सांगितलेलं ऐकू येत नाही. उद्या पलीकडच्या घरी नातवाची पायदोरी कापायची आहे. त्यांना घेऊन चला."

नातू वर्षाचा होता. त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधला, गल्लीतली पोरं पळत आली, पहिल्या आलेल्या मुलीने दोरा कापला. आता बाळाने पहिलं पाऊल टाकायचं. बाळाने बसून घेतलं आणि दोरा तोंडात घातला. सगळ्यांनी हे फार शुभ आहे असं ठरवलं आणि आम्ही जेवायला आत गेलो.

यजमानांच्या जावयाने हाडं वाटली. खुब्याचं हाड ताश्तानला. मला एक बरगडी. चार महिन्यांनी मोठा असून.

"सदतिसावं पान," मी त्याच्या कानाशी लागलो. "मला एक शंका आहे. तू तपास अधिकारी आहेस. आज बोलू नकोस. नुसतं मांसाकडे बघ."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

त्याने सवयीने घड्याळात पाहिलं आणि मान जराशी वळवून बसला. मेजर ताबिल्दी बसतो तसाच. आमच्या समोर हिशेबनीस आणि त्याची बायको होती. हिशेबनीसाने मांसाचे दोन घास घेतले आणि गव्हाच्या भावाबद्दल बोलायला तोंड उघडलं. बायकोच्या मांडीवर काहीतरी सळसळलं, वाळक्या पानांत सरडा पळाल्यासारखं. हाड नाहीसं झालं. गव्हाचा भाव चालूच राहिला. मग डावीकडे सळसळ, मग उजवीकडे. मशिदीच्या म्हाताऱ्या इमामांना बायको नव्हती; त्यांनी खिशातून स्वतःच पिशवी काढली, तिच्यावर फुंकर मारून ती उघडली आणि मांडीचं हाड अगदी पवित्र चेहऱ्याने आत ठेवलं. बोर्सोकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग ओसरला, मिठाया गेल्या. हे सगळं गप्पांच्या खाली चाललं होतं, नदीखालून वाळू सरकावी तसं.

"अकरा मिनिटं," ताश्तान हळूच म्हणाला. "बाइके, एकानेही संपवलं नाही."

"नाही."

"मग माझा ओमुरकुल मरत नाही."

"अवघड दिसतंय."

अख्ख्या दस्तरखानावर एकच हाड उरलं होतं, त्याच्या पुढ्यातलं. दोन घास घेतलेलं. त्याच्याकडे कुणाचाच हात येत नव्हता. ते त्याच्याही लक्षात आलं.

"जेने," त्याने माझ्यावरून वाकून सायराला विचारलं, "कालिचाकडे पिशवी असायची?"

"निळी. कापडाची, आतून प्लास्टिक शिवलेली. रस गळून कोट खराब होऊ नये म्हणून."

"मला नाही आठवत."

"तुम्ही बोलत असायचात, कप्तान."

"आणि मग ती ते न्यायची कुठे?"

"घरी! आणखी कुठे? दुसऱ्या दिवशी सूप व्हायचं."

ताश्तानने हातातली सुरी खाली ठेवली. "रविवारचं सूप," तो म्हणाला. "मी तिला दर वेळी म्हणायचो, आज मांस फार छान मिळालंय. ती म्हणायची, ओळखीचा खाटीक आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "पस्तीस वर्षं, बाइके. मी त्या खाटकाचं नावसुद्धा विचारलं नाही."

सायराने काही तरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या बायकोने असं केलेलं मी क्वचितच पाहिलंय.

"आणि या वर्षात?" त्याने विचारलं. "माझ्या पुढ्यातलं कोण उचलत होतं?"

"जिच्या घरी असाल ती."

तेवढ्यात इमामांनी हात वर केले. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि जेवण संपलं. ताश्तान उठला, यजमानांना आशीर्वाद दिला, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एकटाच चालत घरी गेला.

रविवारी त्याने फाटक उघडलं नाही. सोमवारी छापखान्यातून मला फोन आला की बाड कुठे आहे. मी म्हटलं, लेखक आजारी आहेत. छापखानावाला म्हणाला, "लेखक आजारीच असतात, मजकूर कुठे आहे ते सांगा." गुरुवारपर्यंत थांबायला तो कसाबसा कबूल झाला. मंगळवारी मी ताश्तानच्या फाटकाशी जाऊन दोनदा खोकलो. आत काही हललं नाही.

मी मासिकात असताना दोन कारखान्यांचे संचालक, एक कुक्कुटपालन केंद्र आणि एक अख्खं खातं लेखणीने आडवं केलं होतं. त्यांतल्या कुणासाठी माझी भूक गेली नव्हती. आता मात्र सायराने पुढ्यात ठेवलेलं मी नीट संपवत होतो आणि तरी चव लागत नव्हती. मी तिला म्हटलं, "टॉवेलच बरे होते. टॉवेलात कुणी चुका काढत नाही."

"बुरुल एजे काढेल," सायरा म्हणाली. "पण तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत. तो खाटीक त्यांना कधीतरी भेटायलाच हवा होता."

गुरुवारी सकाळी ताश्तान आला. डोळे लाल, बोटांना शाई, कोटाची बटणं चुकीच्या काजांत. छत्तिसाव्या पानापर्यंतचं बाड जुनंच होतं; पुढचं सगळं नवीन. मी हात पुढे केला. त्याने ते माझ्या हातावरून पलीकडे नेलं.

"जेने, तुम्ही वाचा. बाइके चांगलंच म्हणतात."

सायरा टेबलाशी बसून वाचू लागली. आम्ही दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसलो, टोप्या मांडीवर घेऊन, निकालाची वाट बघणाऱ्या आरोपींसारखे. मधे एकदा तिने वर न बघता सांगितलं, "चहा करून घ्या." आम्ही केला. साखर कुठे असते ते आम्हाला दोघांनाही सापडलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

नव्या कादंबरीत ओमुरकुलच्या बायकोला नाव होतं, झेइनेप. ती हाड पिशवीत घालून घरी नेते. सकाळी भांड्यात टाकताना तिला दिसतं की हाड सांध्यावर सोडवलेलं नाही, सुरीने फोडून पुन्हा दाबून बसवलंय. आमच्यात हाड फोडत नाहीत. ती ते उकळत नाही. अंगणात ठेवते, आणि एक मॅग्पाय पक्षी त्यावर चोच मारून कुंपणाखाली पडतो. तिला सगळं कळतं. पण ती कुणाला सांगणार? कुणी विचारलेलंच नसतं. ओमुरकुलला मारायचा कट आहे अशी निनावी चिठ्ठी मिळाल्यावरून मेजर ताबिल्दी गावातल्या सत्तर पुरुषांची चौकशी करतो. तीन वेळा तिच्याच घरात बसून, तिच्याच हातचा चहा पिऊन, तिच्या नवऱ्याशी बोलतो आणि निघून जातो. दोनशे नव्वदाव्या पानावर तो फाटकापर्यंत जाऊन परत येतो आणि तिला विचारतो, "तुम्हाला काही दिसलं होतं का?"

सायराने शेवटचं पान पालथं ठेवलं. चष्मा पुसला.

"भीती कमी झाली," ती म्हणाली. "आधी निदान एक माणूस मरत होता, बरं वाटायचं. आता निम्म्या पुस्तकात एक पक्षी मरतो आणि बाकीचे चहा पितात. मधली चाळीस पानं माझ्यासारखी बाई कणीक मळता मळता गाळून टाकेल. दारं अजून करकरतायत."

"चंद्र एकच ठेवलाय," ताश्तान म्हणाला.

"तो पाहिला. पण ती तिसऱ्यांदा चहा देते आणि हा वर न बघता पेला घेतो, तिथे मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. खुन्याचा नाही, मेजरचा."

"हां," ताश्तान म्हणाला. "तिथे मलाही."

मग त्याने टोपी मांडीवर एकदा फिरवली आणि ज्यासाठी आला होता ते विचारलं. "कालिचाने ओळखला असता का, जेने?"

सायराने चष्मा पुन्हा लावला आणि पानांच्या कडा सरळ केल्या.

"खुनी? विसाव्या पानावर. मी अठराव्यावर ओळखला. पण तो फाटकापासून परत येऊन विचारतो, ते नसतं ओळखता आलं तिला."

ताश्तानने मान हलवली. दोनदा. मग उठून बाड बांधायला घेतलं. त्याला गाठ जमेना, तेव्हा सायराने बोट ठेवलं आणि त्याने सुतळी आवळली. तो तसाच छापखान्यात गेला.

तेवीस तारखेला त्याच्या अंगणात तीनशेवर माणसं जमली. यर्ट उभारले होते, घोडा कापला होता, धूर सरळ वर जात होता. पुस्तकांचे गठ्ठे सकाळीच आले, अजून शाईचा वास येणारे. पहिली प्रत ताश्तानने बुरुल एजेच्या हातात दिली. ती घेऊन ती अंगणातल्या जर्दाळूखाली खुर्चीत बसली आणि जेवणाची बोलावणी दोन वेळा परत पाठवली. तिच्या धाकट्या दोघी बहिणी लांबून तिच्याकडे बघत होत्या. ताश्तान पाहुण्यांचं स्वागत करत होता, पण प्रत्येकाशी बोलताना त्याचं तोंड जर्दाळूकडे. एका म्हाताऱ्याला त्याने तीनदा 'या, या' म्हटलं. तो शेवटी तिसऱ्यांदा आत आला.

दुपारी बुरुल एजेने त्याला बोटाने बोलावलं. मी बरोबर गेलो. मैत्री म्हणून, आणि ऐकायला मिळावं म्हणून.

"ही झेइनेप पिशवीला गाठ मारते," बुरुल एजे म्हणाली. "कालिचा दोरी ओवायची."

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो, एजे."

"करू नकोस. ही वेगळी बाई आहे, हिला हिचं राहू दे." तिने पुस्तकावर तळहात ठेवला. "भूमितीच्या दृष्टीने हेलिकॉप्टरला काही अर्थ नाही. दोनशे चौऱ्याऐंशीवरची शिवी माझ्या बहिणीच्या आशेला शोभत नाही. खुनी लगेच कळतो." ती उठली. पुस्तक काखेत घट्ट धरलं. "हे तुला तिने सांगितलं होतं का रे? चहाचं?"

"नाही, एजे. मला उशिरा कळलं."

"हं," ती म्हणाली. "मला आणखी दोन प्रती दे. या दोघी एकमेकींना देणार नाहीत." आणि ती जेवायला गेली.

ताश्तान तिथेच उभा राहिला. त्याचे खांदे वर्षभरात पहिल्यांदा कोटाच्या खांद्यांएवढे खाली आले.

आता बोलायची वेळ माझी होती. खिशात नऊ पानं होती, चार रात्री पुसून पुन्हा लिहिलेली: साहित्य आणि सत्य, लेखकाचं डोळे उघडणं, गुन्ह्याच्या गोष्टीतून माणसाच्या अपराधाकडे जाणारी वाट, गुण डाव्या बाजूला, दोष उजव्या बाजूला, आणि शेवटी असा एक समारोप की इमामसुद्धा रडले असते. लोक यर्टांतून बाहेर येत होते, पुस्तकांच्या टेबलाभोवती गर्दी होऊ लागली होती. मी घसा साफ केला, टोपी सरळ केली. ताश्तानने माझी बाही धरली.

"बाइके, एक विनंती होती."

"थोडक्यात बोलू?"

"ते तर आहेच. पण त्याच्याआधी," तो कानाशी लागून म्हणाला, "सगळे आत्ता हातांनी मांस खाऊन आलेत. जरा टेबलाशी उभे राहता का? पुस्तकाला हात लावण्याआधी प्रत्येकाने बोटं पुसलीत ना, तेवढं बघा."